शेवटचा तुकडा

आपला पंचाहत्तरावा वाढदिवस शहर पाहण्यात घालवायचा, असे गुनवरने ठरवले तेव्हा घरातल्या एकालाही ते पटले नाही. आणि पटले नाही म्हणूनच कल्पना उत्तम असल्याचे सर्वांनी एकमुखाने सांगितले. जिचा सारा जन्म गोथेनबर्गमध्ये गेला, जिच्या खिडकीखालून ट्रामी धावत आल्या, तिने परदेशी पाहुण्यांप्रमाणे कालव्यातून होडीने हिंडावे, याला टॉर्स्टेन मनातून पोरकटपणा समजत होता आणि मायब्रिट म्हातारपणाची पहिली खूण. धाकट्या हेनिंगला मात्र त्यात धोका दिसला. आई विनाकारण काही करत नसे, आणि तिघा मुलांना एका दिवसासाठी एका जागी आणण्याचा खटाटोप तर तिने वडिलांच्या अंत्यविधीनंतर केलाच नव्हता.

त्याचा अंदाज शहराच्या जुन्या वस्तीकडे जाणाऱ्या ट्राममध्येच खरा ठरला. गुनवरने पर्स मांडीवर सरळ ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत, हवामानाविषयी बोलावे तशा स्वरात ती बोलू लागली.

"त्या बुरोस गावच्या माणसाचा आज संध्याकाळी फोन येणार आहे. बेटावरचं घर त्याला हवंय. तुमच्यापैकी कुणाला ते हवं असेल तर फोन यायच्या आत सांगा. कुणी बोललं नाही, तर मी त्याला हो म्हणणार."

स्कारवो बेटावरचे ते लाल लाकडी घर गुनवरच्या नवऱ्याच्या, स्वेर्केरच्या, वडिलांनी बांधले होते. स्वेर्केर गेल्यावर गुनवर काही उन्हाळे एकटी तिथे राहिली. पुढे बोटीच्या फळीवरून उतरताना तिचे गुडघे ऐकेनासे झाले आणि तिने जाणे सोडले. बाकीच्या वाटण्या स्वेर्केर गेला तेव्हाच कुरकुरीशिवाय मिटल्या होत्या. राहिले होते ते हे घर. जुलैत सगळे तिथे जमत, आणि सगळे जमण्यापूर्वी, मे महिन्यात, हेनिंग एकटाच जाई. शाळेत तो मुलांना सुतारकाम शिकवत असे. त्याने कुजलेल्या फळ्या बदलाव्या, समुद्राकडच्या भिंतीला रंग द्यावा, हे सर्वांनी इतके गृहीत धरले होते की त्याबद्दल त्याचे आभार मानणेसुद्धा कुणाला सुचले नव्हते. त्या दिवसांत पहाटे तो पायरीवर कॉफीचा पेला घेऊन बसत असे. वर्षातले ते तेवढे दिवस आपण जगतो आणि बाकीचे मोजतो, असे त्याला वाटे. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

ट्राममध्ये उत्तरे लगेच आली. टॉर्स्टेन स्टॉकहोममध्ये वकिली करत होता आणि दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडण्यात त्याची हयात गेली होती. त्याने घर कुणालाही मिळाले तरी आपली हरकत नसल्याचे निवेदन केले. मायब्रिटने मालमोमधल्या आपल्या दातांच्या दवाखान्याची सबब पुढे करून इतरांचा विचार आधी व्हावा असे सुचवले. मग सगळ्यांनी हेनिंगकडे पाहिले.

"माझं काय," हेनिंग म्हणाला, "कुणीही घ्या."

शब्द बाहेर पडले आणि तोच चमकला. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारताच पाय उडावा, तसे ते वाक्य उडाले होते. यावर कुणी म्हणेल की हा भिडस्तपणा झाला आणि भिडस्त माणसे सर्वत्र असतात. तसे नाही. भिडस्त माणसाला बोलायचे असते आणि धीर होत नसतो. या घराण्यात धीर होता, पण 'मला हवे आहे' हे वाक्यच नव्हते. स्वेर्केरच्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर घालून दिलेला नियम असा, की माणसाने समोरचे घ्यावे, दुसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय पुन्हा घेऊ नये, आणि ताटातला शेवटचा तुकडा कधीही घेऊ नये. तो घेणारा मनुष्य चोरी करत नाही हे खरे; पण चोराकडे निदान गरज तरी असते.

जुन्या वस्तीतल्या कॉफीघरात त्या नियमाचा प्रयोग सुरू झाला. तिथला दालचिनीचा पाव ताटाएवढा मोठा मिळतो. टॉर्स्टेनच्या बायकोने, इव्होनने, सर्वांसाठी एकच मागवला आणि त्याचे सहा तुकडे केले. माणसे पाच होती. कॉफीचे दोन दोन पेले संपले, पाच तुकडे संपले, आणि सहावा ताटलीच्या मध्यावर, कडेला साखर चिकटलेला, जणू कुणी आरोपी उभा केला आहे असा उरला. मायब्रिटने तो आईला देऊ केला. आईचे पोट भरले होते. आईने टॉर्स्टेनला सुचवले. टॉर्स्टेनला वजन पाहायचे होते. टॉर्स्टेनने हेनिंगकडे बोट दाखवले. हेनिंगला तो तुकडा खरोखरच हवा होता, कारण सकाळपासून त्याच्या पोटात काही गेले नव्हते. तो म्हणाला की मायब्रिटला दालचिनी आवडते. अखेर इव्होनने तुकडा कागदी रुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला आणि दिवस पुढे सरकला.

कालव्यातली होडी चपटी होती आणि तिला छप्पर नव्हते. आपल्याच शहराची माहिती लाऊडस्पीकरवरून ऐकताना पाचही जणांच्या चेहऱ्यांवर परीक्षकाचे भाव होते. टॉर्स्टेनने वाटाड्या मुलीच्या दोन चुका हळू आवाजात दुरुस्त केल्या, त्यातली एक चूक नव्हती. वाटेत एक पूल इतका बुटका आहे की लोक त्याला चीजचे काप काढण्याच्या पात्याचे नाव देतात. तो जवळ आला तशी मुलीने सर्वांना बाकांवरून खाली उतरायला सांगितले. टॉर्स्टेन, एरवी न्यायालयात ताठ उभा राहणारा, हातापायांवर रांगू लागला. इव्होनने डोळे मिटले. गुनवर मुळातच इतकी ठेंगणी होती की तिने फक्त मान तुकवली आणि खाली पसरलेल्या आपल्या संततीकडे पाहत राहिली.

पुलाखालच्या काळोखात मायब्रिटचे तोंड हेनिंगच्या कानापाशी आले.

"टॉर्स्टेनला घर हवंय," ती कुजबुजली. "तो मरेल पण बोलणार नाही. सकाळी मला विचारत होता, समुद्राकडच्या खिडक्या नीट लागतात का म्हणून. उगाच कुणी खिडक्यांची चौकशी करतं? आपण दोघं मिळून त्याचं नाव घेऊ. आईला बरं वाटेल."

खिडक्या नीट लागत होत्या, कारण गेल्या मे महिन्यात त्या हेनिंगने तासल्या होत्या. हे सांगायला त्याने तोंड उघडले, पण पुलाखाली पाण्याचा आवाज घुमत होता आणि मायब्रिट उत्तराची वाट पाहत होती. त्याने मान हलवली. हलवताना डोके बाकाच्या कडेवर आपटले. उजेडात आल्यावर टेंगूळ चोळताना त्याला वाटले, शिक्षा तत्काळ मिळाली हे बरे झाले.

तिथून ती मंडळी मासळीबाजारात गेली. बाहेरून ती इमारत चर्चसारखी दिसते आणि आत बर्फावर मासे मांडलेले असतात. गुनवर दर शुक्रवारी तिथून कोळंबी नेत आली होती, तरी आज तिने दारातच थांबून कमानींकडे मान वर करून पाहिले, कारण आज ती पाहुणी होती. हेनिंग तिच्यामागून जाणार, तोच टॉर्स्टेनने त्याला दंडाला धरून एका मोठ्या, जबडा वासलेल्या माशाच्या आडोशाला नेले.

"धाकट्या, नीट ऐक," तो म्हणाला. पक्षकारांशी बोलताना त्याचा आवाज असाच खर्जात जात असे. "घर मायब्रिटला मिळायला हवं. घटस्फोटापासून ती बघ कशी झालीय. दवाखाना, घर, दवाखाना. तिला कुठे तरी जायला जागा हवी. ती स्वतः मागणार नाही, तुला माहीतच आहे. आईने विचारलं की आपण दोघांनीही मायब्रिट म्हणायचं. ठरलं?"

हेनिंगने त्याच्याकडे पाहिले. "तुला नकोय?"

"माझं काय," टॉर्स्टेन म्हणाला, "कुणीही घ्या."

शब्द तेच होते. शेवटी खांदे उडवण्याची लकबही तीच होती. आपण बोलतो तेव्हा असे दिसत असू, हे त्याला प्रथमच बाहेरून पाहायला मिळाले. टॉर्स्टेन खरे बोलत होता की खोटे, हे ओळखण्याचा काही उपाय नव्हता. आणि तोच न्याय स्वतःला लावला, तर आपल्याविषयीही कुणाला कधी काही कळणे शक्य नव्हते. तो मासा मात्र त्या दोघांकडे अशा नजरेने पाहत होता, की त्याने पुष्कळ कुटुंबे पाहिली असावीत.

"ठरलं," हेनिंग म्हणाला.

व्हिनेगरमधल्या हेरिंग माशांच्या बरण्यांपाशी इव्होनने त्याला गाठले. ती एरवी अघळपघळ बोलणारी बाई. आज तिने मुद्द्यालाच हात घातला. टॉर्स्टेनचे नाव कुणी घेतले तर आपण संपलो, असे तिचे म्हणणे होते.

"बोटीवर पाय ठेवला की माझ्या पोटात ढवळायला लागतं. लग्न झाल्यापासून दर जुलैत मी त्या पायरीवर बसून 'समुद्र किती सुंदर' म्हणत आलेय. हेनिंग, मला समुद्र आवडत नाही. मला कधीच आवडला नाही. टॉर्स्टेनला सांगू नकोस."

"तो तुला विचारत नाही?"

"विचारतो ना. मी म्हणते, फारच सुंदर."

हेनिंगने तिलाही शब्द दिला. अशा रीतीने दुपार व्हायच्या आत तो टॉर्स्टेनच्या बाजूने, टॉर्स्टेनच्या विरुद्ध आणि मायब्रिटच्या बाजूने वचनबद्ध झाला होता. सबंध शहरात एकच नाव असे होते की जे घे म्हणून त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याला राग आला, आणि राग नेमका कुणावर, हे ठरेना, कारण प्रत्येकजण दुसऱ्यासाठीच बोलत होता. चांगुलपणाशी भांडायचे कसे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

लांब रुंद रस्त्याने चढत ती मंडळी वरच्या चौकात पोचली, तेव्हा उन्हे तिरपी झाली होती. मध्ये समुद्रदेवाचा हिरवट पुतळा, हातात मासा, अंगावर काही नाही. त्याच्याकडे पाहून गुनवर म्हणाली की तरुणपणी आपण याच्याकडे पाहायचे टाळत असू आणि आता आवर्जून पाहतो. मागच्या रुंद पायऱ्यांवर ती बसली. घर आता ट्रामने थोड्याच अंतरावर होते आणि फोनची वेळ जवळ येत चालली होती. कुणी घड्याळ पाहिले नाही, म्हणजे सर्वांनी मनातल्या मनात पाहिले.

इव्होनने थर्मास काढला. थर्मासबरोबर तो कागदी रुमालही वर आला.

तुकडा मध्ये ठेवण्यात आला. आता तो सकाळपेक्षा चपटा झाला होता, पण साखर टिकून होती. मायब्रिटने म्हटले की वाया जाणे बरे नव्हे, आणि घराच्या किल्लीने त्याचा अर्धा भाग कापून घेतला; पूर्ण घेतला असता तर तो शेवटचा झाला असता. उरलेल्यातला अर्धा टॉर्स्टेनने घेतला. त्यातला अर्धा इव्होनने, वाईट वाटते आहे असा चेहरा करून. गुनवरने बोटाच्या नखाने एक पापुद्रा उचलला. हेनिंगची पाळी आली तेव्हा रुमालावर अंगठ्याएवढे काही तरी उरले होते, आणि चार जणांचे डोळे त्याच्या हाताकडे लागले होते. तो तुकडा अर्धा करता येतो का, याचा विचार हेनिंग एखाद्या फळीकडे पाहावे तसा करू लागला. करता आला असता. पातळ, धारदार पाते हवे होते.

"घे ना," मायब्रिट म्हणाली.

"नको, टॉर्स्टेनला असू दे."

"मी घेतला की. मायब्रिट, तूच घे."

इतक्यात वरून काही तरी पांढरे कोसळले. पंखांची फडफड, रुमाल उडाला, इव्होनचा पेला कलंडला. आणि समुद्रदेवाच्या डोक्यावर एक जाडजूड समुद्रपक्षी उभा राहून मान मागे टाकून गिळताना दिसला. त्याला गिळायला एक क्षण पुरला. गिळून झाल्यावर त्याने आणखी काही आहे का म्हणून त्यांच्याकडे पाहिले.

गुनवरने मांडीवरचे कण झटकले.

"बुरोसच्या माणसाने नेला," ती म्हणाली.

हेनिंग पुतळ्याकडे पाहत होता. बेटावरच्या घराच्या पायरीवर तो बुरोसचा माणूस बसलेला त्याला दिसला. त्याच पायरीवर, मे महिन्यात, कॉफीचा पेला घेऊन. तासलेल्या खिडक्या त्याच्या पाठीशी नीट लागलेल्या. तो कुणी वाईट माणूस नव्हता. त्याचा अपराध इतकाच, की हवे ते हवे असे त्याने फोनवरून सांगितले होते.

"मला हवंय," हेनिंग म्हणाला.

"आता काय उपयोग," टॉर्स्टेन म्हणाला. "गिळला त्याने."

"घर. मला घर हवंय."

पुतळ्याभोवतीच्या कारंज्याच्या तळ्यात पाय बुडवणारी मुलेसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली; झाली नव्हती. मायब्रिट हळूहळू त्याच्याकडे वळली, आणि तिच्या आवाजात दाताचे दुखणे लपवणाऱ्या रुग्णांसाठी राखलेली धार होती. "मग होडीत मान कशाला हलवलीस?"

"तू इतक्या मनापासून सांगत होतीस."

"मलाही तू ठरलं म्हणालास," टॉर्स्टेन म्हणाला. "माशापाशी."

"काय ठरलं?" मायब्रिटने विचारले, आणि टॉर्स्टेन पुतळ्याच्या पायांचे निरीक्षण करू लागला.

हेनिंगला अजूनही वेळ होता. थट्टा केली असे म्हणून ते वाक्य परत घेता आले असते, आणि सर्वांनी ते मोठ्या मनाने विसरून टाकले असते. आईने मात्र हात वर करून दोघांना थांबवले.

"कशाला हवंय तुला?" तिने विचारले.

तो सांगू लागला की छपराची फळी पुढच्या वर्षी बदलावी लागेल, दक्षिणेकडचा पाया खचतो आहे, कुणी तरी लक्ष द्यायलाच हवे, आणि नव्या माणसाला ते घर समजायला वेळ लागेल.

"ते नको सांगू," गुनवर म्हणाली. "कुणी तरी करायलाच हवं, हे तुझे वडील मला चाळीस वर्षं सांगत होते. मी विचारतेय, तुला कशाला हवंय."

"पहाटे पायरीवर बसून कॉफी प्यायला," तो म्हणाला. मग, एकदा बुडालोच आहोत तर तळ पाहू, अशा निश्चयाने त्याने पुढचेही सांगितले. "आणि तेव्हा तिथे दुसरं कुणी नसावं, असं मला वाटतं."

असले काही त्या घराण्यात कधी उच्चारले गेले नव्हते. इव्होनने तोंडावर हात धरला. टॉर्स्टेनचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याच्या खांद्यांना कंप सुटला. तो हसतो आहे हे कळायला सर्वांना वेळ लागला, कारण तो फारसा हसत नसे. गुनवरने थोरल्या दोघांकडे पाहिले. तिने प्रश्न विचारला नाही; नुसती थांबली.

"मला जुलैत दोन आठवडे हवं होतं," टॉर्स्टेन शेवटी म्हणाला. "तेवढंच. आणि खिडकीतून वारा नको."

इव्होनने कलंडलेला पेला सरळ केला. बाकीच्या उन्हाळ्याबद्दल तिने काही म्हटले नाही, पण हेनिंगच्या वाट्याची कॉफी तिने काठोकाठ ओतली.

मायब्रिट बराच वेळ किल्लीवरची साखर पुसत राहिली. "मला ते हवं होतं की नाही, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "ते बाहेरच्या कुणाला मिळू नये, एवढं हवं होतं. पण हे तू सकाळी ट्राममध्ये बोलला असतास, तर मी पुलाखाली रांगले नसते."

"पुलाखाली सगळेच रांगतात," हेनिंग म्हणाला.

"मी तुझ्यासाठी टॉर्स्टेनची वकिली करत रांगले नसते," ती म्हणाली, आणि रागावण्याचा तिचा विचार तिथवर येऊन पोचला तोच ओसरला. कारण आपण कुणासाठी कुणाची वकिली केली हे तिला स्वतःलाच नीट जुळवता येईना.

घरी आल्यावर गुनवरने टोपीसुद्धा न काढता फोनजवळची खुर्ची घेतली. तो वाजला तेव्हा बाकीचे चौघे स्वयंपाकघरात केक कापत होते, म्हणजे केकपुढे सुरी धरून कान देत उभे होते. संभाषण लहान झाले. आईचा आवाज दोनदा मृदू झाला, आणि मग ती दारात आली.

"बरं झालं म्हणाला," तिने सांगितले. "त्याला तसं ते नकोच होतं, आपल्याकडून उगाच आम्हाला घाई झाली, वगैरे. दोनदा माफी मागितली. बिचारा. आवाज अगदी रडवेला झाला होता."

पाचही जणांनी त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल क्षणभर आदराने मौन पाळले. तो त्यांच्यातलाच होता.

केकचे तुकडे वाटताना टॉर्स्टेनने घसा साफ केला. रंगाचे काम एकट्याच्या आवाक्यातले नाही, असे त्याचे मत होते. पुढच्या मे महिन्यात आपण यावे म्हणतो, हेनिंगची हरकत नसेल तर, त्याला अडचण होणार नसेल तर, आणि दुसरे कुणी येणार नसेल तर. मायब्रिटनेही तसेच काहीसे म्हटले आणि त्यात आणखी दोन 'तर' घातले. दोघे बशीकडे पाहत थांबले. हेनिंगला ठाऊक होते की आता आपण 'माझं काय' असे म्हणायचे असते. ते वाक्य त्याच्या जिभेवर येऊन उभेही राहिले. त्याने ते केकच्या घासाबरोबर गिळून टाकले.

"या ना," तो म्हणाला. "पण दुपारच्या बोटीने."